ठमीची तयारी

"ठमीला खरं औषध मिळतंय की साखरेचं पाणी?"

तोफेने, म्हणजे ठमीच्या मोठ्या बहिणीने, हे विचारलं तेव्हा बाबांच्या तोंडात घास होता, आत्याच्या हातात डाव होता, आजी पाण्याचा पेला उचलत होती आणि आई मीठ पुढे सरकवत होती. चौघांनीही हातातलं काम नीट पुरं केलं. घास गिळला गेला, डाव भांड्यात गेला, पाणी पिऊन झालं, मीठ जिथे पोचायचं तिथे पोचलं.

प्रश्न तिचा होता, पण विचारायची पैज मैत्रिणींची. तिच्या बाकावर एक मुलगी बसायची, तिला सगळ्या जणी वकील म्हणत. शुक्रवारी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वकील म्हणाली होती, "अर्ध्या मुलांना खरं, अर्ध्यांना खोटं, आणि कुणाला काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, हे तूच सांगितलंस. मग तुझ्या बहिणीला कुठलं मिळतंय, असं घरी कुणी विचारत कसं नाही?"

"नाही विचारत."

"का?"

याचं उत्तर तोफेकडे नव्हतं, आणि आपल्याकडे उत्तर नाही ही गोष्ट तिला अलीकडे सोसत नसे. वक्तृत्व स्पर्धेत शाळेला ढाल मिळवून दिल्यापासून तिचं मत असं झालं होतं की जगातले निम्मे प्रश्न केवळ कुणी उभं राहून विचारत नाही म्हणून पडून आहेत. उरलेल्या निम्म्यांबद्दलही तिला मत होतं. "हिंमत असेल तर रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना विचार," वकील म्हणाली. बाकीच्या जणींनी डब्यांवर चमचे वाजवून या ठरावाला अनुमोदन दिलं.

"जेव," आई म्हणाली.

"जेवतेच आहे. जेवता जेवता विचारतेय."

"असलं विचारायचं नसतं," आत्या म्हणाली. "बाटली तीच, रंग तोच, चव तीच. कुणालाच कळू नये म्हणून तर इतका खटाटोप केलाय त्यांनी."

"मग आपल्याला कसं कळलं की खरंच मिळतंय?"

"पुरावा आहे," आजी म्हणाली.

आजी निवृत्त मुख्याध्यापिका. ती पुरावा आहे म्हणाली की समोरच्याने खिसे चाचपून बघायचे, असा शाळेतला जुना रिवाज होता. या घराण्यात तीन पिढ्या परीक्षाच पिकत आल्या होत्या. पणजोबांनी घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी काढली, आजीने शाळा चालवली, आत्याने क्लास काढला आणि त्याच्या पाटीवर 'यश हमखास' असं रंगवून घेतलं. एकटे बाबा तेवढे दहावीतून थेट रंध्याकडे वळले आणि आज त्यांचं फर्निचरचं दुकान होतं, पण ते का वळले यावर घरात बोलायची पद्धत नव्हती.

ठमी पाच वर्षांची. तिच्या पायांतली ताकद हळूहळू ओसरत चालली होती. स्नायूंचा आजार होता आणि त्याचं नाव इतकं लांबलचक होतं की शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं विसरायला होई. होती नव्हती ती औषधं करून झाली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात एका नव्या औषधाची मुलांवर चाचणी चालली होती त्यात तिचं नाव घातलं. ठरल्या वेळी तिथे जायचं. ठमीने जमिनीवर आडवं होऊन उठून दाखवायचं, चार पायऱ्या चढायच्या, फळीच्या भोकांत खुंट्या बसवायच्या, लांब बोळातून चालायचं, आणि एक बाई हातात घड्याळ घेऊन वेळ टिपायची. गेल्या दोन्ही खेपांना ठमीने आधीपेक्षा कमी वेळ घेतला होता. उद्या पुन्हा तपासणी होती. उद्याही तसंच झालं तर डोस दुप्पट करू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. दुप्पट डोस यकृताला जड जाऊ शकतो, हेही त्या म्हणाल्या होत्या. पहिलं वाक्य घरात रोज कुणी ना कुणी म्हणे. दुसरं वाक्य बहुधा दवाखान्यातच राहून गेलं होतं.

"उलट्या होतात तिला," आजी म्हणाली. "पाण्याने कुणाला उलट्या होत नाहीत."

हा घरातला सर्वांत भक्कम पुरावा होता. ठमीला पहिली उलटी झाली तेव्हा आत्याने फोनवर अभिनंदन केलं होतं. बाबांनी फरशी पुसता पुसता शीळ घातली होती. पाय दुखतात म्हणून ठमी मुसमुसू लागली की आई तिचे पाय चेपत बसे आणि आईच्या चेहऱ्यावर मात्र पेन्शन मंजूर झाल्यासारखं समाधान असे. मळमळ, थकवा, पायदुखी, असं काही झालं तर कळवा, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, आणि आई न चुकता कळवी. आई वीज कंपनीच्या तक्रार कक्षात होती. दिवसभर लोकांचा अंधार कानांत ओतून घ्यायचा आणि शेवटी सपाट आवाजात "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" म्हणायचं, हा तिचा धंदा. दवाखान्याला फोन करताना मात्र ती तक्रार अशी सांगे, जशी एखादी बाई जाता-येता लेकीचे मार्क सांगते.

"आणि पायऱ्यांचं काय?" बाबा म्हणाले. "पायऱ्या कोण चढतंय मग? पाणी पिऊन चढतंय?"

"मी चढते," ठमी म्हणाली.

ती दोन उशांच्या सिंहासनावर बसून ताटातले वाटाणे एका रांगेत लावत होती.

"हो गं बाई, तूच चढतेस. औषधाने चढतेस."

"औषधाने नाही. औषध कडू आहे." ठमीने एका वाटाण्याची जागा बदलली. "सरावाने."

"कसला सराव?" तोफेने विचारलं.

ठमीने मान वर करून चारही मोठ्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. प्रत्येकाने तिच्याकडे बघत मान अगदी किंचित, नाही म्हणून, हलवली. चौघांनीही हलवली, आणि प्रत्येकाला वाटलं की हलवली ती आपण एकट्याने.

"सांगायचं नाही म्हटलंय," ठमी म्हणाली.

"कुणी म्हटलंय?"

"कुणाचं आधी सांगू?"

यावर आत्याने वरण हवंय का, असं विचारलं. कुणाला नको होतं.

"आजीचं सकाळी असतं," ठमीने सुरुवात केली. "ताई शाळेत गेली की. सतरंजीवर झोपायचं आणि उठायचं, पुन्हा झोपायचं आणि उठायचं. हात गुडघ्यावर टेकायचा नाही. टेकला की मार्क जातात."

आजीने पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता, पण तिने तो पुरता प्यायला.

"मग आत्याकडे खुंट्या. मोठी मुलं यायच्या आधी. आत्याने तश्शीच फळी आणलीय आणि टिक करणारं घड्याळपण. मग बाबांकडे पायऱ्या. आणि आई आली की गॅलरीत चालायचं, भिंतीला हात न लावता. आई फोनवर बोलतेय असं करते, म्हणजे बाबांना कळत नाही."

सर्दी-पडसं नको म्हणून डॉक्टरांनी ठमीची बालवाडी बंद ठेवायला सांगितली होती. तेव्हापासून रिले शर्यतीतल्या काठीसारखी ती दिवसभर या हातातून त्या हातात जात असे. प्रत्येक जण आपल्या पाळीला काठी घेऊन जोरात पळत होता, आणि आधीचा नुसता उभा होता अशी प्रत्येकाची समजूत होती.

"बाबांकडे कुठल्या पायऱ्या?" तोफ म्हणाली.

"दुकानाच्या मागे. ताडपत्रीखाली."

"बाबा, तुम्ही पायऱ्या केल्या?"

"लाकूड पडून होतं," बाबा म्हणाले.

"दवाखान्यातल्यासारख्या?"

"उंची तीच. कठडा जरा बरा केलाय. त्यांचा हलतो."

आत्याने आजीकडे पाहिलं, आजीने आईकडे, आईने बाबांकडे. माझं एक वेळ समजून घेता येईल, पण तुम्ही सुद्धा, असा भाव एकाच वेळी चार चेहऱ्यांवर बसला होता आणि बघायला समोर पाचवं कुणी नसतं तर तो तिथेच बसून राहिला असता.

"आणि मला कुणी का नाही सांगितलं?" तोफ म्हणाली.

"तुला?" चौघांनी एका सुरात विचारलं. दुपारभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

तोफेने ते मनावर घेतलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच काही जुळत होतं. ती खुर्ची ओढून ठमीच्या बाजूला गेली.

"ठमे, पाय कधी दुखतात तुझे?"

"सगळ्यांचं झालं की."

"रोज?"

"रविवारी कमी. रविवारी नुसतं आजीचं असतं, तू उठायच्या आधी."

"आणि उलटी?"

ठमीने विचार केला. ती विचार करताना नाक वर करायची. "बाबांकडे वास येतो. पॉलिशचा. आत्याकडे जेवते, मग बाबांकडे वास येतो, मग पायऱ्या, मग पोटात गोल गोल होतं."

घरातला सर्वांत भक्कम पुरावा पॉलिशचा निघाला. बाबांनी ताटात हात धुतला, जे या घरात बारा वर्षांत कुणी केलं नव्हतं, आणि आजी त्यांना बोलली नाही.

ठमीला आतल्या खोलीत निजवून दार ओढून घेतलं, आणि मोठी माणसं गॅलरीत जमली. तोफेला कुणी बोलावलं नव्हतं. तिला जा असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि सभाशास्त्राप्रमाणे एवढं पुरतं. ती उंबऱ्यात बसली.

"आधी एक स्पष्ट करते," आत्या म्हणाली. "सराव म्हणजे कॉपी नव्हे. परीक्षा आहे म्हटल्यावर तयारी होणारच. आपल्या घरात तयारी न करता परीक्षेला कोण गेलंय आजवर?"

"मी गेलो होतो," बाबा म्हणाले.

"तू तयारीनेच गेला होतास, दादा. खिशात."

गॅलरीत चौघंच होती, तरी जागा एकदम कमी वाटू लागली. दहावीच्या सराव परीक्षेत बाबांच्या खिशात चिठ्ठी सापडली होती, ती शोधून काढणारी बाई त्यांची आईच होती, आणि तिने सगळ्या वर्गादेखत त्यांचा पेपर काढून घेतला होता. त्यानंतर बाबांनी पेपर म्हणून जो हातात धरला तो पॉलिश पेपर.

"मी ती बाहेर काढली नव्हती," बाबा आजीला म्हणाले. तीस वर्षं ते हे वाक्य कुठेतरी जपून ठेवत आले असावेत. जराही गंजलं नव्हतं. "तू काय म्हणाली होतीस? हेतू पुरे आहे म्हणालीस."

"तो विषय वेगळा."

"कसा वेगळा? तू सतरंजी घालून पोरीला उठाबशा काढायला लावतेस आणि वर हात टेकला तर मार्क कापतेस. तुझा हेतू काय होता?"

"ती बरी व्हावी हा होता."

"माझाही पास व्हावं हाच होता."

आजी कुंडीकडे बघत राहिली. कुंडीत काही नव्हतं. "बरोबर आहे तुझं," ती शेवटी म्हणाली. "सांगायला हवं. उद्या डॉक्टरांना सांगून टाकू. मी सांगते."

बाबा तीस वर्षांनी जिंकले होते, पण जिंकलेली गोष्ट हातात आल्यावर तिचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते एकदम आजीच्या विरुद्ध बाजूला गेले.

"सांगून कसं चालेल? सांगितलं की नाव काढतील तिचं. त्यांचा सगळा हिशेब बिघडवलाय आपण, ते काय हार घालणार आहेत? आणि बाटलीत खरंच औषध असलं तर? मी माझ्या हाताने तिच्या तोंडातून काढून घेऊ?"

"मघाशी तर तूच म्हणत होतास..." आत्या म्हणाली.

"मी आईला म्हणत होतो. तुला नव्हतो म्हणत."

"मग गप्प बसू. मी तर आधीपासून तेच म्हणतेय."

"गप्प बसलो तर डोस दुप्पट होईल," आई म्हणाली.

इतका वेळ ती वाळत घातलेले कपडे काढत होती. घड्या घालता घालता ती तक्रार कक्षातल्या आवाजात बोलू लागली. तो आवाज वर जात नसे, खाली येत नसे.

"बाटलीत पाणी असेल तर दुप्पट पाणी. त्याने काही बिघडत नाही. बाटलीत औषध असेल आणि ते लागू पडत असेल तर दुप्पट लागू पडेल. औषध असेल आणि लागू पडत नसेल, पायऱ्या ती नुसती यांच्याकडच्या सरावाने चढत असेल, तर दुप्पट डोस नुसता यकृताला लागेल. आणि आपण बघून म्हणू की वा, काहीतरी होतंय."

"यातलं काय आहे मग?" आत्याने विचारलं.

"तेच आता कुणी सांगू शकत नाही. आपल्यामुळे." आईने ठमीचा फ्रॉक घडी करून ढिगावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा घडी केली. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

बाबांनी तिच्या हातातून फ्रॉक घेतला आणि ढिगावर ठेवला.

मग आत्याला युक्ती सुचली. आत्याला युक्ती सुचली की ती चष्मा काढून पदराने पुसत असे. आज तिने ओढणी घेतली होती, म्हणून ओढणीने पुसला.

"उद्या तिला थोडं हळू करायला सांगू," ती म्हणाली. "फार नको, थोडंच. मागच्या खेपेपेक्षा जरासं हळू. मग डोस वाढायचा प्रश्न येत नाही, आणि नावही राहतं. कुणाला काही सांगायला नको."

तोफेला वाटलं, आता आजी उठेल आणि आत्याला वर्गाबाहेर काढेल. आजी उठली नाही. ती विचारात पडली. तिचा चेहरा, वेळापत्रक बसवणाऱ्या माणसाचा असतो तसा, हळूहळू उजळत गेला.

"जरासं हळू म्हणजे किती?" तिने विचारलं.

"फार हळू झालं तर औषध निरुपयोगी म्हणून बंद करतील," बाबा म्हणाले. "मधलं काहीतरी बघायला हवं."

"मधलं सगळ्यांत अवघड असतं," आत्या म्हणाली. "हुशार मुलाला पन्नास टक्के काढायला सांगा, जमत नाही. सवय नसते."

"सराव लागेल," आजी म्हणाली.

"आजची संध्याकाळ आहे," आत्या म्हणाली. "मी फळी घेऊन येते. दादा, तू पायऱ्या टेम्पोत टाकून आण. सगळं इथेच करू, एकत्र, म्हणजे पुन्हा गुपितं नकोत."

शेवटचं वाक्य सगळ्यांना पटलं. आजवर झालेली चूक एवढीच होती की आपण हे एकमेकांपासून लपवलं, असा निर्णय मनोमन होऊन गेला आणि घर हलकं झालं. तासाभरापूर्वी एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं सतरंजी कुठे घालायची यावर प्रेमाने वाद घालू लागली. आई सुद्धा कपड्यांचा ढीग घेऊन आत जाता जाता म्हणाली, "दिवाणखान्यात घाला, तिथे फरशी गार लागत नाही." मग उंबऱ्यातल्या तोफेला म्हणाली, "जा, तिला उठव."

ठमी जागीच होती. ती पलंगावर उताणी पडून छताकडे बघत होती, आणि तिचे पाय चादरीखाली, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखे, सरळ पडले होते.

"तुला बोलावलंय," तोफ म्हणाली.

"कुणाचं आहे?"

"सगळ्यांचं. एकत्र."

ठमीने नाक वर केलं. "एकत्र असेल तर लवकर संपेल."

"आज हळू करायचंय म्हणतात. हळू उठायचं, हळू चढायचं."

"हळू येतं मला. आधी हळूच यायचं." ती एका कुशीवर वळली. वळताना तिने डाव्या हाताने उजवा पाय धरून बरोबर नेला, जसं आपण झोपेत उशी नेतो. "फास्ट करायचं म्हणून ते विसरायला लावलं."

तोफ पलंगाच्या कडेवर बसली. तिला काहीतरी मोठं, गडगडाटी बोलायचं होतं, आणि ते कुणाला उद्देशून बोलायचं हे ठरत नव्हतं.

"ताई."

"काय?"

"उद्या पास झाले तर औषध जास्त ना?"

"हं."

"आणि नापास झाले तर?"

"नापास-बिपास काही नसतं गं त्यात. ते नुसतं बघतात, तुला काय येतं."

"असतं," ठमी समजुतीच्या सुरात म्हणाली. मोठ्या बहिणीला अजून बऱ्याच गोष्टी कळायच्या आहेत, हे तिने मनाशी मान्य करून टाकलेलं असावं. "आत्या म्हणाली सगळ्याला असतं." मग जरा थांबून तिने विचारलं, "आधी मी सराव करत नव्हते. म्हणून पाय असे झाले का?"

उत्तर सोपं होतं. नाही, एवढंच. एका शब्दाचं. वक्तृत्व स्पर्धेत तोफ सात मिनिटं न थांबता बोलली होती, परीक्षकांना घंटा दोनदा वाजवावी लागली होती, आणि आता हा एक शब्द बोलण्याआधी तिने ठमीच्या पायांवरची चादर दोनदा सारखी केली. मग ती म्हणाली, "नाही."

"मग कशामुळे?"

"कशामुळेच नाही. पाऊस पडतो तसं. कुणी काही केलं म्हणून नाही पडत."

ठमीने यावर विचार केला. "आजीला माहीत आहे हे?"

"सांगते मी तिला."

"आणि आत्याला पण सांग," ठमी म्हणाली. "तिला दोनदा सांग." आणि तिने डोळे मिटले. उठण्याचा तिचा इरादा दिसला नाही. तोफेने चादर तिच्या खांद्यापर्यंत ओढली, आणि घराण्याच्या तीन पिढ्यांत पहिल्यांदाच एका विद्यार्थिनीला वर्ग बुडवायची परवानगी देऊन बाहेर आली.

दिवाणखान्यात सतरंजी अंथरून झाली होती. आजी तिच्या कडा सरळ करत होती. आत्या फळी आणायला गेली होती. आई-बाबा स्वयंपाकघरात होते. आईने चहा ठेवला होता, आणि बाबा ओट्याला टेकून टेम्पोवाल्याला फोन लावत होते.

"फोन ठेवा बाबा," तोफ म्हणाली. "पायऱ्या नका आणू. ठमी येणार नाहीये."

"दमलीय का? पाच मिनिटांनी बोलाव मग."

"पाच मिनिटांनी पण येणार नाहीये. मी तिला झोप म्हटलंय."

आई गॅस बारीक करता करता थांबली. टेम्पोवाल्याने फोन उचलला होता आणि तो हॅलो हॅलो म्हणत होता. बाबांनी नंतर करतो म्हणून फोन ठेवला.

"तिने मला विचारलं, सराव केला नाही म्हणून पाय असे झाले का," तोफ म्हणाली.

चहाला उकळी आली. तो उतू गेला. आई तिथेच उभी होती, पण तिने हात पुढे केला नाही, बाबांनीच पुढे होऊन गॅस बंद केला.

"तू काय सांगितलंस?" आईने विचारलं. हा तक्रार कक्षातला आवाज नव्हता.

"नाही म्हणून सांगितलं. तिला पटलंय असं वाटतं. नक्की माहीत नाही." तोफेने दाराची चौकट धरली. ती बाबांनीच केली होती, चांगली पक्की होती. "मी एक ठरवलंय. ते सांगते, मग तुम्ही बोला. उद्या मी शाळेत जाणार नाही, तुमच्याबरोबर दवाखान्यात येणार. ठमीला जसं उठता येईल तसं ती उठेल. हात टेकून उठली तर हात टेकून. आणि तिला खाली झोपवायच्या आधी डॉक्टरबाईंना सगळं कळलेलं असेल. पायऱ्या, खुंट्या, गॅलरी, पॉलिशचा वास, सगळं."

"अगं, पण नाव काढलं तर?" बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. खरंच विचारत होते, जणू तिच्याकडे उत्तर असणार. "नाव काढलं तर काय करायचं, तोफे?"

"मला नाही माहीत," तोफ म्हणाली. हे वाक्य म्हणायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी त्रास झाला. "पण त्यांच्या कागदांवर जी मुलगी बरी होतेय ना, बाबा, ती आपल्या घरात राहतच नाही. आपली आत झोपलीय. तिला काय द्यायचं आणि काय नाही, ते त्यांनी हिच्याकडे बघून ठरवायला हवं. तुमच्यापैकी कुणी बोललात तर मी बाहेर बाकावर बसून राहीन, तोंड उघडणार नाही. नाही बोललात तर मी बोलणार आहे. माझं ठरलंय."